हे कुठे ठेवू?

पाच ओळींचं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहायला दहा मिनिटं लागतात आणि ते ठेवायचं कुठे यावर अर्धा दिवस खल चालतो. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणतं, ‘टाक रे युटिल्समध्ये.’ सगळ्यांच्या वापराच्या किरकोळ कोडचा असा एक युटिल्स किंवा कॉमन नावाचा फोल्डर बहुतेक मोठ्या प्रोजेक्टमध्ये सापडतो. तारखा, स्ट्रिंग, रंगांचे कोड, कुण्या जुन्या ग्राहकासाठी केलेली खास सोय. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. भर घालायला सगळे, आवरायला कुणी नाही.

माझं मत विचाराल तर कोड सारखा दिसतो म्हणून तो सामाईक होत नाही. समजा, बिलाच्या मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या स्वतंत्र भागात) रक्कम पूर्णांकात आणणारं एक फंक्शन आहे आणि आलेखाच्या स्क्रीनसाठीही हुबेहूब तसंच. दोन्ही एकत्र करायला हात शिवशिवतात. एकच गोष्ट दोनदा लिहू नये हे मनावर पक्कं ठसलेलं असतं ना! पण बिलातली रक्कम हिशेबाच्या नियमांना बांधलेली आणि आलेखातली नुसती डोळ्यांना सुटसुटीत दिसावी म्हणून. नियम बदलला की पहिलं बदलणार, डिझायनरचं मन बदललं की दुसरं. तरी एकत्र केलंच, तर आधी एक फ्लॅग (फंक्शननं कसं वागायचं ते सांगणारा हो-नाही पर्याय) येतो, मग दुसरा, आणि एक दिवस कुठेतरी ‘ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू’ असा कॉल दिसतो. त्यातला दुसरा फॉल्स कशाचा, हे लिहिणाऱ्यालाही फंक्शन उघडूनच बघावं लागतं.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच हे मांडलं होतं: मॉड्यूल पाडताना कामाच्या पायऱ्या बघू नका, जे निर्णय पुढे बदलण्याजोगे आहेत ते एकेका मॉड्यूलच्या आत लपवा. पन्नास वर्षं उलटली, आपण अजून फोल्डरच्या नावावर भांडतोय.

क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रोजेक्टचा ‘बेस’, म्हणजे तळाचा, फोल्डर मला यासाठी आवडतो. त्याच्या रीडमीत (सोबतच्या माहितीच्या फाइलीत) स्पष्ट लिहिलंय की इथे येणाऱ्या कोडचा उपयोग व्यापक आहे हे आधी सिद्ध झालेलं हवं. तोवर तो वापराच्या जवळच ठेवा, एवढ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये थोडी पुनरावृत्तीही चालते. ही कडक शिस्त उगाच नाही. तळाच्या फोल्डरवर सगळे अवलंबून, म्हणून तिथली एक हेडर फाइल (इतर फाइली जिचा मजकूर आत घेतात अशी) बदलली की निम्मा प्रोजेक्ट पुन्हा कंपाइल, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम पुन्हा बनवणं. शिवाय तळानं वर बघायचं नसतं. कॉमनमधल्या फंक्शनला ग्राहकाच्या मॉड्यूलमधला ‘ग्राहक’ हा टाइप (माहितीचा प्रकार) लागला, की कॉमन ग्राहकाला इम्पोर्ट करणार, म्हणजे त्याचा कोड आपल्यात घेणार, आणि ग्राहक कॉमनला. मग सोडवत बसा तो गुंता. खरं तर अशा वेळी ते फंक्शन ग्राहकाच्याच मॉड्यूलचं असतं.

म्हणून ‘कुठे ठेवू’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?’ एका टीमचं नाव चटकन आलं तर जागा ठरली.

पासवर्ड तपासणं, एन्क्रिप्शन, परवानग्या यांना मात्र पुनरावृत्तीची ही सवलत नाही. तिथे दुसरी प्रत दिसली की लगेच एकत्र करावी, कारण सुरक्षेतलं भोक एका प्रतीत बुजवलं तरी दुसऱ्या प्रतीत उघडंच राहतं. मात्र एकत्र करताना फाइल हलवण्याचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) वेगळा ठेवा. हलवता हलवता दोन ओळी ‘सुधारल्या’, तर शेकडो बदललेल्या इम्पोर्टच्या गर्दीत रिव्ह्यू करणाऱ्याला त्या सापडणं कठीण.