आमची वाटचाल: नऊ मुक्कामांवरून एका खाडीवर

पहिली चौकशी आली तेव्हा आमचा धंदा म्हणजे दोन ट्रॅव्हलर, एक सुमो आणि माझ्या दिरांची मेहनत. रत्नागिरीत येणाऱ्या पाहुण्यांना गणपतीपुळे, जयगड, थिबा राजवाडा दाखवायचा आणि संध्याकाळच्या गाडीला सोडायचं. मी त्याआधी अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवला होता, म्हणून इंग्रजीतली पत्रं माझ्याकडे येत. हे पत्र अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठातल्या भूगोलाच्या प्राध्यापिकेचं होतं. जानेवारीत २१ दिवस, १४ विद्यार्थी, विषय किनाऱ्यावरचं जगणं. मदत कराल का?

आम्ही दोन रात्री जागून कार्यक्रम केला आणि पाठवला. वेळास, दिवेआगर, मुरूड-जंजिरा, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. नऊ मुक्काम. आम्हाला वाटलं, बाई खूश होतील. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: यात वर्ग कधी भरणार?

मी स्वतः शिक्षिका, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

अशा कार्यक्रमाला तिकडे फॅकल्टी-लेड म्हणतात. विद्यार्थी परदेशातल्या कॉलेजात नाव घालत नाहीत. त्यांचाच प्राध्यापक त्यांना घेऊन येतो, शिकवतो, तपासतो आणि गुण देतो. तीन क्रेडिटचा कोर्स असेल तर साधारण ४५ तासांचं शिकवणं धरतात, आणि ते तीन आठवड्यांत बसवायचं असतं. फी भरण्यासाठी त्यातली कितीतरी मुलं सुट्टीत काम करतात, कर्ज काढतात. बाईंनी मला एक कोरा तक्ता पाठवला. दर दिवसापुढे चार रकाने: काय वाचून यायचं, कुठे जायचं, तिथे कोण शिकवणार, संध्याकाळी काय लिहायचं. आमच्या नऊ मुक्कामांपैकी सहांच्या पुढे फक्त दुसरा रकाना भरता येत होता. ते सहा मी खोडले.

दीर नाराज झाले. "वहिनी, गाड्या फिरल्या नाहीत तर धंदा कसला?" त्यांचं चूक नव्हतं. आमचा सगळा दर किलोमीटरवर होता, म्हणजे मुलं जितकी जास्त गाडीत बसतील तितकी आमची कमाई. मग आम्ही हिशेबच बदलला. दर माणशी, दर दिवसाला. गाडी पळो वा उभी राहो. धंदा खरा वळला तो या कागदावर. शेवटी ठरलं ते पूर्णगडच्या खाडीकाठचं एक गाव, वरचा सडा म्हणजे कातळाचं पठार, रत्नागिरी शहर आणि तीन दिवस वेळास.

बाई आदल्या वर्षीच्या जानेवारीत एकट्या नऊ दिवस पाहणीला आल्या. पत्र येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते, आणि मुलं यायला आणखी वर्ष होतं. एवढा वेळ लागतोच. या नऊ दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं. त्यांनी समुद्र नंतर पाहिला, आधी संडास पाहिले. प्रत्येक घराच्या माडीचा जिना रात्री दिवे घालवून उतरून बघितला. गावातून जिल्हा रुग्णालयापर्यंत पावसमार्गे किती वेळ लागतो ते दिवसा एकदा आणि रात्री दीड वाजता एकदा, घड्याळ लावून मोजायला लावलं. सापाच्या विषावरचं औषध कुठे ठेवलेलं असतं, रात्री एक्स-रे निघतो का, हे स्वतः विचारलं. विंचवाचं मी सांगितलं. कोकणातला लाल विंचू जीव घेऊ शकतो आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध लागू करून दाखवल्यापासून माणसं वाचू लागली, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या आहेत की नाहीत ते पाहूनच आल्या.

विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाने दुर्गम भागासाठी सॅटेलाइट फोन सोबत न्या म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडे परवानगीशिवाय तो आणणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकायला होतं. हे वेळेत लक्षात आलं ते एका गिर्यारोहक मित्रामुळे. आता आमच्या पहिल्याच पत्रात ते ठळक असतं. फॉर्म सीचंही तसंच: परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत घरमालकाने ऑनलाइन कळवायचं. गावातल्या काकूंना ते जमेना, म्हणून पहिल्या वर्षी पाचही घरांचे फॉर्म मी ओटीवर बसून त्यांच्या समोर भरले. आता त्यांच्या सुना भरतात. व्हिसा कोणता घ्यायचा यावर मात्र आम्ही तोंड उघडत नाही. ते विद्यापीठाने भारतीय दूतावासाला विचारून ठरवायचं.

पहिली तुकडी कोकण रेल्वेने आली. महामार्गाच्या कामाचा भरवसा नव्हता, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली ही रेल्वे हाच एक धडा आहे. बोगदे आणि पूल मोजत आलेली मुलं स्टेशनवर उतरली तेव्हा जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, त्यांना माहीत झाला होता.

त्याच तुकडीच्या वेळी माझ्या हातून एक चूक झाली. त्यांच्या माहितीपत्रकासाठी मी लिहून दिलं होतं की वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसतील. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. जानेवारीत घरटी मिळतात, पिल्लांची खात्री नसते. मला हे ठाऊक होतं, तरी मी 'दिसतील' लिहिलं. तीन पहाटे मुलं अंधारात वाळूवर उभी राहिली आणि एकही पिल्लू आलं नाही. दोघी-तिघी तर त्या एका ओळीवर आल्या होत्या. तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तिथल्या कासवमित्राने, २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन घरटी कशी राखली, आधी अंडी कशी चोरीला जायची, उबवणीच्या जागेत ती किती खोल पुरायची, हे दोन तास सांगितलं. बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांतला हा सर्वांत चांगला वर्ग. मला बरं वाटलं, पण लिहून दिलेला शब्द खोटा ठरला तो ठरलाच. तेव्हापासून काय दिसेल ते आम्ही लिहीत नाही. कोण शिकवेल ते लिहितो.

शिकवणाऱ्यांत आमचे तांडेल मामा पहिले. बोटीवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. "तिथी सांग, पाणी सांगतो," म्हणायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या तोंडाप्रमाणे थोडं पुढेमागे. गणित शिकणारी एक मुलगी रात्रभर त्याच्यामागे लागली. सकाळी तिने मांडून दाखवलं: अमावस्येपासून पुनवेपर्यंत १५ तिथींत भरती १२ तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं, मामांचा हिशेब ४५ चा, तेव्हा पंधरवड्याअखेर पाऊण तासाचा फरक पडला पाहिजे. मी दुभाषी. मामा हसले आणि म्हणाले, म्हणून तर पुनवेला आणि अवसेला आम्ही काटा परत बारावर आणतो. ती मुलगी वही मिटून त्यांच्या पाया पडली. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं, गावात बघून उचललं असणार.

परतायच्या आदल्या रात्री सामान भरताना एकाच्या पिशवीत कांदळवनातली वाळवलेली पानं आणि बाटलीत चिखल निघाला. प्रयोगशाळेत तपासायला. परदेशी माणसाला इथला जैविक नमुना संशोधनासाठी नेता येत नाही. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. मुलाला वाईट वाटलं. पानं आम्ही खाडीत परत टाकली. असं काही नेता येणार नाही हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं, शेवटच्या नव्हे.

दुसऱ्या वर्षी एक प्रश्न गावातून आला. ओहोटीला खडकांवरची कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या एक मावशी. त्यांची मुलाखत तीन मुलांनी तीन दिवस घेतली होती. चौथ्या दिवशी मावशींनी मलाच धरलं. "बाय, ही पोरं इचारतात नि लिवून नेतात. ते जातं कुटं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. विद्यापीठाकडे संशोधनाच्या नैतिकतेची समिती होती, संमतीचे कागद होते, मावशींची सही होती. पण जातं कुठे?

त्या रात्री मी आणि बाई पडवीत उशिरापर्यंत बोललो. ठरलं ते असं. शेवटचे दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि जे शिकलं ते मुलांनी देवळाच्या सभामंडपात गावाला सांगायचं, मराठीत, जमेल तसं. कागद-नकाशे गावातच ठेवायचे. एकाच घरात लागोपाठ दोन दिवस मुलाखती नाहीत. आणि रत्नागिरीतल्या कॉलेजातली भूगोलाची मुलं या तुकडीत बरोबरीने बसतील, फक्त भाषांतराला नव्हे. त्या वर्षीच्या नकाशात कालवांच्या जागा चुकल्या होत्या. सभामंडपात मावशी उठल्या, पेन्सिल मागितली आणि दोन खडक अलीकडे आणले. तो नकाशा अजून शाळेच्या भिंतीवर आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट.

सड्यावरच्या वर्गांबद्दल थोडंच लिहिते. कशेळीचा कोरीव हत्ती, त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी, हे पाहायला आता पुष्कळ लोक येतात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुलांना तिथे आम्ही चपला काढायला लावतो आणि अर्धा तास कोणी बोलत नाही.

पुढे दुसऱ्या एका विद्यापीठाचा शेतीचा गट मेच्या मध्यावर आला. एकच प्राध्यापक, बारा मुलं. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि एक हापूसची बाग. तिसऱ्या दिवशी एका मुलाचे ओठ आणि गाल सुजले, पाणी भरलेले फोड आले. त्याने आंबा सालीसकट चावून चोखला होता. त्यांच्याकडे पॉयझन आयव्ही नावाची वेल असते, तिच्या रसाने अंग उठतं. ती वेल, आंबा, काजू आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. ज्याला वेल सोसत नाही त्याला आंब्याचा चीकही बाधू शकतो. हे डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा बरा झाला, पण दोन दिवस प्राध्यापक त्याच्याजवळ दवाखान्यात आणि अकरा मुलं बागेत शिक्षकाविना. वर्ग मी घेतले. जांभ्यावरची माती, कलमं, पाणी, सगळं शिकवलं. तरी ती माझी मुलं नव्हती, त्यांच्या कोर्सचं ओझं माझ्या खांद्यावर नव्हतं, आणि हे त्यांना कळत होतं. एक माणूस शिकवणार, आजाऱ्याजवळ बसणार, रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्याला समजावणार आणि विद्यापीठाला अहवालही पाठवणार, हे होत नाही. तेव्हापासून दोन जबाबदार माणसं नसतील तर आम्ही गट घेत नाही. दोन गट त्यामुळे हातचे गेले. आता अर्जात एक रकाना आहे: पॉयझन आयव्ही सोसते का? काजूच्या बागेत जायच्या आधी तो मी स्वतः वाचते.

पैशांचं थोडक्यात. विद्यापीठं बिल मिळाल्यावर पैसे देतात, गावाला आधी लागतात. मधला भार आमच्यावर. बचत गटाच्या बायकांना छापील बिलबुक करून दिलं, कारण पोह्यांच्या पावतीशिवाय प्राध्यापकांचे पैसे अडकतात. एका वर्षी पुरेशी नावनोंदणी झाली नाही म्हणून ऑक्टोबरमध्ये गट रद्द झाला आणि घरांना दिलेला ॲडव्हान्स आम्ही सोडून दिला. करारात तीन हप्ते आणि रद्द करण्याच्या तारखा आल्या त्या त्यानंतर.

मग २०२०. मेचा गट गेला, पुढचा जानेवारीही गेला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि वेळासकडच्या ज्या घरांत मुलं राहिली होती त्यांची कौलं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं आली, पैसे पाठवायचेत. परदेशातून मदत घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती आमच्याकडे नव्हती. नाही म्हणावं लागलं. ते पत्र लिहिताना हात जड झाला होता. एक ट्रॅव्हलर विकली ती त्याच पावसाळ्यात.

गट पुन्हा सुरू झाले. कामाला आता आम्ही पाच जण आहोत. दीर गाड्यांबरोबर फॉर्म सी आणि औषधांची पेटीही बघतात. गट यायच्या आधी रुग्णालयापर्यंतची रात्री दीडची ती फेरी दर वर्षी तेच मारतात आणि लागलेली मिनिटं तक्त्यात भरतात.

पुढच्या जानेवारीच्या तारखा बाईंना कालच कळवल्या. त्यांनी विचारलं होतं, विद्यापीठाच्या सुट्टीत कुठलेही २१ दिवस चालतील, तुम्हाला कुठले सोयीचे? मी कालनिर्णय काढलं आणि मामांकडे गेले. अमावस्येच्या उधाणाला खडक खूप उघडे पडतात, पण ओहोटी भल्या पहाटे अंधारात लागते. तृतीया-चतुर्थीला तीच ओहोटी उजेडात येते आणि खडक अजून पुष्कळ उघडे असतात. मामांनी बोट ठेवलं त्या तिथीला मावशींचा वर्ग लावला, आणि बाकीचे २० दिवस त्याच्या मागेपुढे मांडले.