२०० क्रमांकाचे फसवे उत्तर

नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवून दोन दिवस झाले होते आणि आलेली तक्रार चमत्कारिक होती: अ‍ॅप्लिकेशन नीट चालते, पण काही वापरकर्त्यांनी ‘अहवाल’ विभागावर क्लिक केले की पान कोरे दिसते. रिफ्रेश केल्यावर सारे सुरळीत होई आणि पुरावाही नाहीसा होई. माझ्या संगणकावर काही केल्या दोष दिसेना. मी डेव्हलपर टूल्स (ब्राउझरमधली तपासणीची साधने) कायम उघडे ठेवतो आणि त्यात ‘डिसेबल कॅश’वर खूण असते, म्हणजे ज्या कॅशमध्ये (ब्राउझरने पुढच्या वेळेसाठी साठवलेल्या फाइलींत) दोष दडला होता, तोच मी बंद करून बसलो होतो, हे ध्यानात आल्यावर जरा ओशाळलोच.

अखेर एका सहकाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याला रिफ्रेश करू न देता, दोष सापडला. कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ (अनपेक्षित चिन्ह) आणि पुढे ‘<’ हे चिन्ह होते. मागितलेल्या जावास्क्रिप्ट फाइलचा स्टेटस २००, म्हणजे ‘सारे ठीक’, होता; कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार) मात्र टेक्स्ट/एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा. फाइलच्या नावातला हॅश (फाइल बदलली की बदलणारी अक्षरे) मागच्या आवृत्तीचा होता. ती फाइल आम्ही डिप्लॉय करताना, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, पुसली होती आणि न सापडणाऱ्या प्रत्येक पत्त्यावर सर्व्हर निमूटपणे इंडेक्स पान (सुरुवातीचे पान) पाठवत होता. त्याने सरळ ४०४ (‘सापडले नाही’) दिला असता, तर माझे दोन दिवस वाचले असते.

जुने नाव येत होते ते जुन्या इंडेक्स पानामुळे. त्या पानासोबत किती काळ साठवावे हे सांगणारी कॅश-कंट्रोल ही सूचना (हेडर) नव्हती, नुसता लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची तारीख) होता, तोही ६० दिवसांपूर्वीचा. अशा वेळी पान किती काळ ताजे मानायचे हे ब्राउझर अंदाजाने ठरवतो. शेवटच्या बदलानंतर लोटलेल्या काळाच्या १० टक्के हा रूढ हिशेब, म्हणजे इथे ६ दिवस. मुख्य जावास्क्रिप्ट वर्षभराच्या मॅक्स-एजमुळे (साठवण्याच्या मुदतीमुळे) कॅशमधून मिळे, म्हणून जुने अ‍ॅप्लिकेशन बिनतक्रार चाले आणि पूर्वी कधीच न उघडलेल्या, म्हणून कॅशमध्ये फाइल नसलेल्या विभागापाशी अडखळे.

इंडेक्स पानाला नो-स्टोअर (‘साठवूच नका’) ही सूचना लावावी असे एकाने सुचवले. मी नो-कॅश लावले. नाव दिशाभूल करणारे असले, तरी त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा नसून ‘वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारा’ असा आहे, आणि ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) जुळला की ३०४ वर, म्हणजे ‘बदल नाही’ या छोट्या उत्तरावर, काम भागते. मात्र ज्यांच्याकडे जुने पान आधीच साठले होते, त्यांचा ब्राउझर आम्हाला विचारायलाच येत नव्हता. म्हणून पुसलेल्या फाइली त्याच संध्याकाळी सर्व्हरवर परत ठेवल्या.