स्लॅब गळतोय, ट्रॅप लीक आहे, खर्च कुणाचा? भाड्याच्या घरातला माझा अनुभव

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला भाड्याने राहतो, खाली मालक काका-काकू, वरच्या मजल्यावर आम्ही चौघं आणि आमच्या डोक्यावर थेट गच्ची. सातारचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको, एकदा कासकडून ढग उतरायला लागले की आठ आठ दिवस उघडीप नसते. मागच्या जुलैमध्ये बेडरूमच्या स्लॅबला आधी एक पिवळट डाग आला, मग रंगाचे पोपडे सुटले आणि एका रात्री सासूबाईंच्या उशाशी टपटप सुरू झालं. पलंग सरकवला, खाली पातेलं ठेवलं, म्हणलं पाऊस कमी झाला की बघू.

तिसऱ्या रात्री दीड वाजता एमसीबी (विजेत बिघाड झाला की आपोआप बंद होणारं मेन बटण) पडला. वर केला की परत पडायचा. सकाळी वायरमनने शिडी लावून बेडरूमच्या लाईटचं झाकण उघडलं तर आतून चमचाभर पाणी त्याच्या मनगटावर सांडलं. तो म्हणाला, "ताई, हा पॉईंट मी तोडून ठेवतो, पावसाळा संपेस्तोवर इथं बटणाला हात लावायचा नाही." त्या खोलीत माझी मुलगी त्याच बटणाला दिवसातनं दहा वेळा हात लावते, मला अक्षरशः घाम फुटला. आधी पातेलं ठेवण्यात जे तीन दिवस घालवले ते घालवायला नको होते.

वायरमनचे तीनशे मी दिले आणि काकांना सांगायला खाली गेले. काका म्हणाले, लाईटचं काम भाडेकरूचं, करारात लिहिलंय. घरी येऊन फाईल काढली, खरंच होतं, "किरकोळ दुरुस्ती लायसन्सी यांनी स्वखर्चाने करावी". लायसन्सी म्हणजे आम्ही राहणारे. एवढंच. किरकोळ म्हणजे काय, किती रुपयांपर्यंत, स्लॅबातून पाणी वायरिंगमध्ये उतरलं तर ते किरकोळ का, काही नाही. सही करताना आम्ही भाडं आणि डिपॉझिटचा आकडा बघितला, बाकी पानं उलटली.

त्यात त्याच आठवड्यात काकूंनी मला खाली बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या बरोब्बर वर छताला ताटाएवढी ओल आणि मधनंच थेंब. वर आमचं बाथरूम. "तुम्ही वॉशिंग मशीन लावल्यापासनं हे सुरू झालंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता, कारण पडणारं पाणी बाथरूमचं. म्हणजे आमच्या मते छत त्यांनी करायचं आणि त्यांच्या मते बाथरूम आम्ही. ह्यांनी तर सरळ सांगितलं, दुसरी खोली बघू. पण मुलीची शाळा जवळ, सासूबाईंचा गुडघा, चार वर्षं जोडलेली माणसं, मला ते पटेना.

माझे एक मामा वकिली करतात, त्यांना करार दाखवला. त्यांनी सांगितलं ते जसं समजलं तसं लिहिते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या कलम १४ प्रमाणे करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मालकाने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरी वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाला जेवढं भाडं होतं त्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नाही, आणि पावत्या नीट ठेवायच्या. आमचं भाडं महिना ८,५०० म्हणजे वर्षाचे १,०२,००० आणि पाव म्हणजे २५,५००. मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला आणि खूश झाले. मामा म्हणाले, थांब. हे कलम भाडेकरूला आहे, तुमचा कागद ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे नुसती राहायची परवानगी, तुम्ही कायद्याच्या भाषेत लायसन्सी, त्यामुळे कलम १४ धरून भाडं कापायला गेलात तर भांडण तुमच्यावरच उलटेल, तुमच्यासाठी करारात काय लिहिलंय तेच महत्त्वाचं. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो, मलाही नव्हता, आणि इंटरनेटवर अर्धवट वाचून भाडं अडवणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्या.

मामांनी अजून एक चांगली गोष्ट दाखवली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने घेतला तरच लागू होतो. पण त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणीच दिलीय. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाईप बदलणं, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि नळाचे वायसर, ड्रेन साफ करणं, गीझर, स्विच-सॉकेट, कडी-कुलूप, खिडकीची काच हे भाडेकरूकडे. आणि बांधकामाचं नुकसान भाडेकरूमुळेच झालं असेल तर ते मालकाच्या माथी नाही. मामा म्हणाले, याचा कोर्टात आधार म्हणून नको, चहा घेताना समोर ठेवायला उपयोग कर.

पण त्याआधी पाणी येतंय कुठून हे तरी कळायला हवं ना. मी काकांना म्हणलं, पैशाचं नंतर बघू, आधी दोघांच्या समोर प्लंबर तपासू दे. ते लगेच हो म्हणाले. प्लंबरने सांगितलं रात्री दहानंतर बाथरूम कुणी वापरायचं नाही, फक्त टाकीचा वॉल्व चालू ठेवायचा. सकाळी काकूंच्या छताचा थेंब थांबलेला. म्हणजे नळाची भरलेली लाईन चांगली, गळती सांडपाण्याच्या बाजूला. मग त्याने बेसिनमध्ये बादलीभर साधं पाणी ओतलं, अर्धा तास थांबलो, खाली काही नाही. मग दुसऱ्या बादलीत नीळ कालवली आणि नहाणीत ओतली. आम्ही सगळे खाली छताकडे माना वर करून उभे. वीस-पंचवीस मिनिटांनी फिकट निळा थेंब शेगडीच्या कट्ट्यावर पडला, काकूंनी पांढऱ्या फडक्यावर टिपून घेतला.

नहाणीची जाळी काढली तर खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाणी जायच्या भांड्यात, केसांचा गोळा, साबणाचा चिखल आणि मुलीची हरवलेली क्लिप. काका म्हणाले, बघा, तुमचे केस. प्लंबर म्हणाला, "केसानं पाणी तुंबतंय काका, जॉईंट नाही फुटत. ही ट्रॅपच्या कडेची सिमेंटची फट हाय, घर बांधल्यापासनंची. तुंबलं म्हणून पाणी फटीपर्यंत चढलं." मला तेव्हा कळलं की चूक दोन्हीकडची होती आणि ती कुठं संपते कुठं सुरू होते हे त्या निळ्या पाण्याने दाखवलं. काम ६,२०० चं झालं, जुनी फरशी मिळाली नाही म्हणून चार फरशा वेगळ्या रंगाच्या बसल्या. साफसफाई आणि नवीन जाळीचे ७०० आम्ही दिले, बाकीचे काकांनी, आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही.

गच्चीवर गेलो तर पॅरापेट म्हणजे कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात पिंपळाचं वीतभर रोप आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाशी पाला अडकलेला. गवंडी म्हणाला आत्ता काही लावू नका, ओल्या स्लॅबवर केमिकल धरत नाही, पैसे वाहून जातील, दिवाळीनंतर कडक ऊन घेऊन करू. तोवर नळी मोकळी केली आणि त्या कोपऱ्यावर ताडपत्री टाकून वर विटा ठेवल्या, ताडपत्री आम्ही आणली. दिवाळीनंतर रोप मुळासकट काढून, भेग फोडून भरून, सगळ्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं, ३१,००० गेले. काकांची पेन्शन आहे, त्यांना हे जड गेलं हे मला दिसत होतं. म्हणून करार संपल्यावर भाडं ८,५०० चं ९,००० करायला आम्ही स्वतःहून तयार झालो. ह्यांना आधी पटलं नाही, पण कोरड्या खोलीचे पाचशे जास्त देणं मला बरोबर वाटतं.

नवीन करार आम्ही बसून शब्द न् शब्द वाचून केला. नोंदणी करून घ्याच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती मालकाची जबाबदारी आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं जोवर उलट सिद्ध होत नाही, म्हणजे मालकाच्याही फायद्याचंच आहे. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, शहरात नोंदणी फी १,०००, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. प्रत्येक खोलीचे, छताचे, नळांचे, मीटरचे फोटो तारखेसह काढून दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवले.

किरकोळ शब्द काढून त्या जागी आम्ही जे लिहिलं ते देते, कुणाला लागलं तर घ्या, फक्त आपल्या वकिलाला दाखवून: "स्लॅब, भिंती, गच्ची, बुजवलेले पाईप व वायरिंग यांची दुरुस्ती मालक करतील. नळ, बटणे, कुलपे, जाळ्यांची सफाई आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची कामे राहणारे करतील. कारणाबद्दल मतभेद झाल्यास दोघांच्या समक्ष कारागिराकडून तपासून कारण ज्याचे त्याचा खर्च. विजेचा धोका किंवा पाण्याची गळती असल्यास आधी काम करून घ्यावे, हिशोब सात दिवसांत पावतीवर करावा."

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी दोनदा उठून बेडरूमच्या छताला खुर्चीवर चढून हात लावून बघितला. कोरडं होतं. काकूंच्या छतावरचा जुना डाग मात्र अजून आहे, रंगाचा खर्च कुणी करायचा ते लिहायचं राहिलंय, दसऱ्याला बसून ठरवणार आहोत.