वीज आल्यावर आपोआप उठणारा लिनक्स सर्व्हर: माझा अनुभव

नाशिकला वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नाही. घरात चोवीस तास चालणारा सर्व्हर ठेवायचा तर मी एकच कसोटी लावतो: वीज आली की कुणी बटण न दाबता तो उठला पाहिजे. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, 4 जीबी रॅम, छोटी एसएसडी आणि डेबियन 12 (लिनक्सचाच एक प्रकार) एवढ्यावर फोटो आणि बॅकअपचं काम आरामात होतं. इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय 'पॉवर ऑन' करायचा, आणि कीबोर्ड नसताना मशीन अडू नये म्हणून 'हॉल्ट ऑन'मध्ये 'नो एरर्स'.

सगळं घोडं अडतं ते बाहेरच्या डिस्कपाशी. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या बऱ्याच 3.5 इंची डिस्कच्या डब्यांना (एन्क्लोजर) दाबायचं बटण असतं. वीज आल्यावर मशीन उठतं, डिस्क मात्र बंदच राहते. एफएसटॅब (fstab) फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, तिची साधी नोंद असेल तर सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) तिची 90 सेकंद वाट बघतं आणि मग सरळ इमर्जन्सी मोडमध्ये जातं. एक पाहुणा आला नाही म्हणून पंगतच उठवायची, असला हा कारभार! नेटवर्क नाही, एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत शिरायचा मार्ग) नाही. मॉनिटर ओढून आणून जोडावा तर पडद्यावर 'कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड'. इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला की डेबियन ते खातं बंदच ठेवतं. एंटर दाबत बसा, पुन्हा तेच.

सुटका ग्रबमधून, म्हणजे लिनक्सच्या आधी येणाऱ्या बूट मेनूतून. मेनूवर ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातलं आरओ खोडून आरडब्ल्यू करा आणि शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा (हे सगळं अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). एफ10 दाबलं की थेट रूटचा प्रॉम्प्ट. नॅनो या एडिटरने एफएसटॅब उघडून डिस्कच्या ओळीत 'डिफॉल्ट्स'नंतर स्वल्पविराम आणि 'नोफेल' (nofail), मध्ये स्पेस नाही. मग सिंक (बदल डिस्कवर पक्के करायला), आणि रीबूट -एफ. नोफेल असलं की बूट त्या डिस्कसाठी थांबतच नाही, त्यामुळे टाइमआउट (ती 90 सेकंदांची मुदत) कमी करण्याचे सल्ले सोडून द्या. डिस्कची ओळख एसडीबी वगैरे नावाने ठेवू नका, ती नावं बदलतात. ब्लकआयडी (blkid) कमांडने यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) काढून तोच लिहा.

नोफेलची एक खोड आहे. डिस्क जोडलेली नसताना बॅकअप, डिस्क जिथे जोडली (माउंट केली) जाते त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीवरच जातो आणि ती गुपचूप भरते. डिस्क अनमाउंट करून त्या फोल्डरवर 'चॅटर +आय' (chattr +i) चालवा: मग डिस्क नसताना तिथे काही लिहिताच येत नाही. एवढी एक युक्ती मला सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडली.

एफएसटॅबला हात लावलात की रीबूटआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' (findmnt --verify) चालवायचं, चूक तिथेच कळते. खरी चाचणी मात्र डिस्कचं बटण बंद ठेवून, मशीन नीट शटडाउन करून, भिंतीवरचा स्विच बंद-चालू करूनच.

आणि हो, जुन्या मदरबोर्डचा सीआर2032 सेल आधीच बदला. तो संपलेला असेल तर वीज गेली की बायोसची सेटिंग पुसली जाते, 'पॉवर ऑन'सकट.