आधी क्लॉक, मग रजिस्टर

आजचा अख्खा दिवस यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरने खाल्ला. बोर्ड नीट बूट व्हायचा, डिव्हाइसही ओळखायचा. पण सस्पेंडमधून, म्हणजे वीज वाचवणाऱ्या झोपेतून, उठताना सगळं जागच्या जागी गोठायचं. ना पॅनिक (सिस्टम कोसळल्याचा संदेश), ना लॉगमध्ये एक ओळ. असा मुका हँग दिसला की माझा पहिला संशय क्लॉकवरच, म्हणजे चिपच्या भागांना ताल देणाऱ्या सिग्नलवरच. क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं (चिपच्या एका भागाचं) रजिस्टर, म्हणजे त्याची स्थिती सांगणारी छोटी जागा, वाचायला गेलं की काही चिप्सवर बस (भागांमधला डेटाचा रस्ता) उत्तराची वाट बघत राहते, आणि प्रोसेसरही तिच्यासोबत अडकतो.

निघालंही तेच. रिझ्यूममध्ये (झोपेतून उठतानाच्या कोडमध्ये) फायचं, म्हणजे यूएसबीचे प्रत्यक्ष सिग्नल हाताळणाऱ्या भागाचं, क्लॉक सुरू व्हायच्या आधीच कंट्रोलरचं स्टेटस रजिस्टर वाचलं जात होतं. दोन ओळींची अदलाबदल, बास.

डोकं खाल्लं ते प्रोबच्या (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो त्या फंक्शनच्या) एरर पाथने, म्हणजे मध्येच काही चुकलं तर चालणाऱ्या कोडने. तिसरं क्लॉक मिळालं नाही तर आधीची दोन बंद कोण करणार? सोडलेला रिसेट (ब्लॉकला थांबवून ठेवणारा सिग्नल) परत कोण लावणार? सगळं उलट्या क्रमाने आवरावं लागतं. त्यात लिनक्समध्ये रिसेट शेअर्ड (अनेक ड्रायव्हर्समध्ये सामायिक) असेल, तर शेवटचा वापरणारा असर्ट करेपर्यंत (तो लावेपर्यंत) ब्लॉक रिसेट होतच नाही.

आणि क्लॉक स्थिर झाल्यावर किती मायक्रोसेकंद थांबून रिसेट सोडायचा, हे डेटाशीटवाल्यांनी (चिपची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनी) कुठे लिहावं? तळटीपेत!