आमची वाटचाल : पिवळ्या पाण्याचा हिशेब

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी एका गाळ्यात आमचा प्लेटिंगचा कारखाना सुरू केला. गाड्यांच्या नट-बोल्टांना गंज लागू नये म्हणून त्यांवर जस्ताचा मुलामा चढवायचा आणि वर पिवळे पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताचे रक्षण करणारा पातळ रासायनिक थर, करायचे, हे आमचे काम. त्या पिवळ्या रंगात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असते आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे मला फार उशिरा नीट उमगले.

एका पावसाळ्यात आमची सांडपाण्याची टाकी भरून वाहिली आणि फाटकाबाहेरच्या गटारात पिवळा ओघळ गेला. ज्या पवनेचे पाणी रावेतला उचलून आमचे शहर पिते आणि ज्या इंद्रायणीत आळंदीला वारकरी स्नान करतात, त्या नद्यांच्या मधोमध आमची वसाहत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही सुधारणेची सुरुवात सांडपाण्यापासून न करता प्लेटिंगच्या टाकीपासून केली, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. पूर्वी जिग (माल टांगायची चौकट) वर काढताच घाईने पुढच्या टाकीत जात असे. आता ती टाकीवरच निथळू देतात, म्हणजे अंगावरचे द्रावण पुन्हा टाकीतच पडते. धुण्याच्या तीन टाक्या ओळीने जोडल्या : ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडायचे आणि ते मालाच्या उलट दिशेने पहिल्या टाकीकडे वाहू द्यायचे. पाण्याचे टँकर तेव्हापासून कमी झाले.

उरलेल्या पाण्याचा सामू (pH) आम्ल घालून २ ते ३ वर आणतात आणि त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात. पिवळे पाणी डोळ्यांदेखत हिरवट होते, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचे कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम होते. मग चुन्याची निवळी घातली की गाळ खाली बसतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणून तपासणी झाल्याशिवाय पाणी बाहेर सोडत नाही. दाबून वाळवलेला गाळ रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाला जातो.

युरोपीय संघाने १ जुलै २००७ पासून वाहनांच्या भागांवर या क्रोमियमला बंदी घातली, तेव्हा निर्यात करणारे ग्राहक ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन मागू लागले. काही स्थानिक ग्राहकांना मात्र पिवळा रंगच हवा होता. त्यांची कामे आम्ही टप्प्याटप्प्याने सोडली, आणि दोन वर्षे ओढाताणीत गेली.

आमच्या रांगेतल्या अनेक गाळ्यांत अशी यंत्रणा बसवायला जागाच नाही. त्यांच्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र उभे राहावे, यासाठी सध्या आम्ही सगळे मिळून प्रयत्न करत आहोत.