निवेदकाची बोली

आजची नोंद बोलीत कथा लिहिण्याबद्दल. पात्रांच्या तोंडी बोली घालायची हे लेखक चटकन ठरवतो, अडतं ते निवेदकापाशी. लेखक स्वतः कोणाच्या बाजूचा, ही त्याची ओळखही माझ्या मते तिथेच ठरते. पात्रं वऱ्हाडीत भांडतात-रडतात आणि त्यांच्याविषयी सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो, तेव्हा वाचक नकळत सांगणाऱ्याच्या शेजारी ओट्यावर बसतो आणि पात्रं खाली अंगणात राहतात.

ही मांडणी चुकीचीच असते असं नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ या कादंबरीत (१९६०) संवाद वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाण भाषेत आहे, पण ते निवेदन नायिका कौतिकला सोडून लांब जात नाही, म्हणून वरून पाहिल्यासारखं वाटत नाही. आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) दुसरी वाट धरली: नारबा हा शेतावरचा गडीच सगळं सांगतो, तेही आपल्या बोलीत. त्याची किंमतही मोजावी लागते. नारबाला जे दिसत नाही, कळत नाही, ते पुस्तकात येऊच शकत नाही. ही मर्यादा पेलणार असेल तरच निवेदन बोलीत करावं. अधूनमधून लेखकाला स्वतःचं भाष्य घुसवायचं असेल, तर दोन परिच्छेदांतच निवेदकाचा आवाज फाटतो.

आता प्रत्यक्ष कामाचं. बोली शब्दसंग्रहात कमी आणि प्रत्ययांत, क्रियापदांत जास्त असते. दहा ठसकेबाज शब्द पेरून बाकी वाक्य पुस्तकी ठेवलं की ती गावाकडची नक्कल होते. उलट एकही अनोळखी शब्द न वापरता ‘तू काय करून राह्यला?’ एवढ्या रचनेनं वऱ्हाड उभा राहतो. मालवणीत ‘माका’, ‘तुका’ पुरतात.

म्हणून लिहायला बसण्याआधी त्या बोलीतल्या रूपांचा एक पानभर तक्ता करावा. त्या बोलीत बोलणाऱ्या एखाद्या माणसाचं, त्याची परवानगी घेऊन, पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि शब्दन् शब्द उतरवून काढावं. मुलाखत घेऊ नये. प्रश्न विचारला की माणूस प्रमाण भाषेकडे सरकतो. दोघांना आपसात बोलू द्यावं. उतरवलेल्यातून मी, तू, आपण यांची रूपं, ‘ला’ आणि ‘चा’च्या जागचे प्रत्यय, असणे-नसणे, चालू काळ, भूतकाळ, प्रश्नार्थक शब्द, हाक मारायची पद्धत आणि ‘ण’, ‘ळ’ यांचे उच्चार वेगळे काढावेत. बाईच्या तोंडच्या क्रियापदाला वेगळी ओळ हवी. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका ‘मी जातो’ म्हणतात. तिथे ‘जाते’ लिहिलं की ते पात्र दुसऱ्या जिल्ह्यातलं होतं.

तक्त्यातलं सगळं पानावर आणू नये. प्रत्येक ‘ळ’चा ‘य’, प्रत्येक ‘ण’चा ‘न’ केला तर वाचणारा अक्षरांत अडकतो. प्रत्यय आणि क्रियापदं कसोशीनं पाळावीत; उच्चारांतली दोन-तीन ठळक वैशिष्ट्यं घेऊन बाकीची सोडावीत. जे घेतलं ते शेवटच्या पानापर्यंत तसंच राहिलं पाहिजे.

अपवाद एकच, आणि तो फार मोलाचा आहे. माणसं स्वतःच भाषा बदलतात. घरात ‘मले’ म्हणणारी बाई तहसील कचेरीत साहेबापुढे ‘मला’ म्हणते, आणि रागाच्या भरात तिथेही ‘मले’ निसटतं. एवढ्या एका अक्षरात भीती, मान, चीड सगळं येतं. वेगळं वर्णन लिहायची गरज उरत नाही. पण आधीची शंभर पानं रूपं ढिली ठेवली असतील, तर हा बदल मुद्रणदोष वाटतो.

शुद्धलेखनाचा बाऊ करू नये. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर, या सर्वांत पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहेच. खरी अडचण छपाईच्या वाटेवर येते. मुद्रितशोधक सवयीनं निम्मी ‘न्हाई’ सुधारून ‘नाही’ करतो, संगणकाची तपासणी उरलेली खाते. हस्तलिखितासोबत तक्ता द्यावा, आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. ‘ऱ्हायला’ टाइप करताना साध्या ‘र’ला हलन्त दिला की रफार होऊन ‘र्हायला’ दिसतं. तिथे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ घ्यावा लागतो.

तळटीपा आणि शेवटी शब्दार्थांची यादी मला पटत नाही. यादी दिली की पुस्तक बाहेरच्यांसाठी आहे असं घरच्या वाचकाला वाटतं. अनोळखी शब्द कामासकट आणावा: हातात काय आहे, त्यानं काय कापलं, काय बांधलं, हे वाक्यात असलं की अर्थ लागतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली निघालं, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी. स्वतः त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. खान्देशाबाहेरच्या वाचकांनी त्या कविता पाठ केल्या, कारण विहीर, मोट, जातं, पीक यांच्याशी शब्द घट्ट बांधलेले आहेत.

शेवटचा खर्डा त्याच बोलीच्या माणसाला मोठ्यानं वाचायला द्यावा. मत विचारू नये, फक्त ऐकावं. वाचताना तो न थांबता एखादं रूप आपल्या सवयीनं बदलून वाचतो. त्या जागांवर पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं.